कुकरीपथऱ्याचा वणवा आणि पुण्याचं खत

माझा मावसभाऊ मंगेशदादा रायपूरला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे आणि गेली नऊ वर्षं जवळजवळ प्रत्येक रविवारी तो एका कोंबडीवर चढतो. कोंबडी दगडाची आहे. रायपूरहून महासमुंद ओलांडून आणखी तासभर गेलं की सालाच्या जंगलातून एक कातळ अचानक डोकं वर काढतो. अंड्यांवर बसलेली कोंबडी दिसावी तसा तो दिसतो म्हणून तिकडचे लोक त्याला कुकरीपथरा म्हणतात. कुकरी म्हणजे छत्तीसगढीत कोंबडी. पाठ, शेपूट, तुरा सगळं जागच्या जागी आहे. डोक्यापाशी दगडाचा एक तुकडा हवेत बाहेर आलाय, ती चोच. दादाला त्या चोचीवरून वर जायचं आहे आणि नऊ वर्षांत ते जमलेलं नाही.

मी पुण्याची. तीस वर्षं सह्याद्रीत भटकले आहे, त्यामुळे भारतात दुसरीकडेही कडे असू शकतात हे मला मनापासून पटत नाही. रायपूरला कातळ चढायला चाललेय म्हटल्यावर पुण्यातल्या आमच्या गिर्यारोहण मंडळातल्या एकाने विचारलं, "तिकडे भात पिकतो ना? पोत्यांवर चढणार का?" मी हसले, कारण मलाही तेच वाटत होतं.

जानेवारीत दादाचा फोन आला होता. "शुभे, या वर्षी ये. डॉक्टर म्हनते हा खांदा अजून दोन वर्षं ओढेल, मंग कॅरम खेळा. त्याच्या आत चोच झाली पाहिजे."

दोन वर्षं त्याला पुरली असती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. कातळ खाल्हेपारा नावाच्या वस्तीच्या जंगलात आहे. वस्तीची वन समिती दादाला आणि त्याच्या रविवारच्या मंडळाला दर वर्षी चढायची परवानगी देते, तीही एकाच अटीवर: तुमच्यामुळे जंगलात आग पसरली तर चढाई बंद. या अटीपायी दादाने मंडळात नियम केला आहे की काडेपेटी, लायटर, विडी काहीही जंगलात न्यायचं नाही. निघण्याआधी तो सगळ्यांचे खिसे तपासतो. स्टेट बँकेच्या मॅनेजरचेही तपासले होते म्हणे.

त्याच फोनवर त्याने काळजीने विचारलं, "फेब्रुवारीपासून पाचोळा इतका पडते की वाटच दिसत नाई. काय करू?"

मला कोणी सल्ला विचारला की माझ्या अंगात येतं. त्यातून मी आमच्या सोसायटीच्या खत समितीची सचिव. मी सांगितलं, वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पट्टा काढ, काडीसुद्धा ठेवू नको. वणवा तिथे येऊन थांबतो. पण पाचोळा जाळायचा नाही! तो एका कडेला नीट रचून ठेव, पावसाळ्यात त्याचं सोन्यासारखं खत होतं. नंतर मी त्याला तीन आवाजी संदेशही पाठवले, मुद्देसूद. सिग्नल खात्यातला माणूस सूचना पाळण्यात वाकबगार असतो. त्याने त्या अक्षरशः पाळल्या.

तात्यापारा

मार्चच्या शेवटी मी रायपूरला उतरले. दादाचं घर तात्यापाऱ्यात, खाली दुकानं आणि वर माणसं अशा एका गल्लीत. दादाचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि परत गेलेच नाहीत. घरात दादा-वहिनी मराठी बोलतात आणि त्यांची मुलगी हिंदीत उत्तर देते. मी भाचीला विचारलं, "काय गं, कशी आहेस?" ती म्हणाली, "एकदम मस्त, आत्या, आप बताओ." कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या वाक्यानंतर मलाही वाटेना.

वहिनींनी पाटोडीचा रस्सा केला होता. पुण्यात आम्ही ज्याला तिखट म्हणतो ते इथे बाळाला भरवतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानातून वाफ, आणि तिसरी वाटी मी स्वतःहून मागून घेतली. वहिनी मात्र दुसऱ्याच विषयावर होत्या.

"ताई, तुम्ही तं शिकलेल्या. ह्यांले समजावून सांगा जरा. साठीले आलेला मानूस रविवार आला की दगडाले मिठी मारून बसते. मले नाई मारली कधी येवढ्या प्रेमानं."

"दगड बोलून नाई राहत न," दादा ताटातून मान वर न करता म्हणाला.

वहिनींनी त्याच्या वाटीत आणखी एक पळी रस्सा ओतला. तो प्रेमाने होता की सूड म्हणून, ते मला कळलं नाही.

सदर बाजार

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खराटे घ्यायला सदर बाजारात गेलो. वाट झाडायची तर खराटे चांगले हवेत यावर दादा ठाम होता. सदर बाजारात एका बाजूला सराफ, दुसऱ्या बाजूला कापडवाले आणि मधल्या जागेत सगळ्या रायपूरच्या दुचाक्या. दादाची स्कूटर, मागे मी, आणि माझ्या हातात भाल्यासारखे उभे धरलेले चार लांब खराटे. लक्ष्मी रोडवर मी असं काही केलं असतं तर ओळखीचे लोक फुटपाथ बदलून गेले असते. इथे लोक फक्त वाकून वाट देत होते.

एका सराफाच्या दुकानापुढे माझ्या खराट्याने एका बाईचा दुपट्टा उचलला आणि आम्ही तो घेऊन पुढे निघालो. मागून हाक आली, "ओ भैया, झाडू रखो, दुपट्टा तो दे जाओ!" दादाने करकचून ब्रेक दाबला, मी खराट्यांसकट त्याच्या पाठीवर आदळले. त्या बाईने दुपट्टा सोडवून घेतला, चारही खराट्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "इतनी सफाई? शादी है क्या घर में?"

"नहीं दीदी, जंगल झाडना है," दादा म्हणाला.

ती बाई काही क्षण आमच्याकडे बघत राहिली. मग तिने दुपट्टा घट्ट गुंडाळून घेतला आणि दुकानात शिरली.

खाल्हेपारा

दादाच्या मंडळातल्या बाकीच्या सगळ्यांची कचेऱ्यांत वर्षअखेरीची धावपळ होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. वहिनींनी प्रत्येकाच्या खिशात ऊन बाधू नये म्हणून एकेक कांदा घातला. दादाने तोच खिसा काडेपेटीसाठी तपासला आणि कांदा परत ठेवला.

खाल्हेपाऱ्यात पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि सगळ्या हवेत मोहाचा वास होता. मोहाची फुलं पहाटे गळतात. मऊ, पिवळट, द्राक्षाएवढी, रसाने भरलेली. पहिल्यांदा वास घेतला तर गोड वाटतो, तासाभराने डोकं गरगरायला लागतं. कुकरीपथऱ्याच्या वाटेलगत, कातळापासून अगदी वीस पावलांवर, मोहाची तीन मोठी झाडं आहेत. ती सुकवारोबाईंची. सुकवारोबाई म्हणजे वन समितीच्या अध्यक्ष. पन्नाशी कधीच ओलांडलेली, बारीक, ताठ, कमरेला लुगड्याचा खोचा. झाडाखाली टोपलीत फुलं वेचत बसलेल्या. बकऱ्या येऊन फुलं खातात, म्हणून हंगामभर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत त्या तिथेच असतात.

त्यांच्या झाडाखाली काळा गोल होता. दंव असतानाच त्या झाडाखालचा पाला मधोमध ओढतात, छोटी आग लावतात, हातात हिरवी डहाळी घेऊन ती विझेपर्यंत उभ्या राहतात आणि वर लोटाभर पाणी ओततात. त्याशिवाय पाल्यात फुलं दिसत नाहीत. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दिसलं की बाई जंगलात पाला जाळतात, आणि मी पुढे झाले.

"दीदी, जलाओ मत. इसका खाद बनाओ," मी माझ्या पुणेरी हिंदीत सांगितलं.

"हव," त्या म्हणाल्या आणि वेचत राहिल्या. हव म्हणजे हो. पण ती हव कशी होती ते ऐकल्यावर मला कळलं की मला आता जायला हरकत नाही.

मग मी दादाने झाडलेली पायवाट बघितली. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या डोंगरवाटांत इतकी देखणी वाट नव्हती, हे आजही म्हणेन. गाडी लावतो तिथपासून कातळाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर लाल माती, एक पान नाही. आणि नाल्याच्या बाजूला, वाटेला समांतर, गुडघ्यापर्यंत उंच पाचोळ्याचा बांध. सरळ, सारखा, जणू रुळांलगतची खडी. मोहाच्या बाजूला ठेवला असता तर सुकवारोबाईंची झाडलेली जागा भरली असती, म्हणून दादाने विचार करून तो नाल्याच्या बाजूला ठेवला होता. कातळाशी वाट संपते तिथे चारोळीच्या झाडांमध्ये उरलेला सगळा पाला त्याने एका मोठ्या ढिगात गोळा केला होता. मी त्या बांधाचे फोटो काढले. पुण्याच्या मंडळाच्या गटावर टाकले आणि खाली लिहिलं, आदर्श पायवाट. मला फार अभिमान वाटला. त्याच्यापेक्षा माझाच जास्त.

सुकवारोबाई टोपली घेऊन आल्या आणि बांधाकडे हात करून दादाला म्हणाल्या, "ये ला कब उठाहू, भैया?" हे कधी उचलणार?

"बरसात के बाद, दीदी. खाद बनेगी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हव," म्हणाल्या.

न्याहारीला त्यांच्याच घरून बोरे-बासी आली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी त्याच पाण्यासकट खायचा, बरोबर कांदा, हिरवी मिरची आणि लाल भाजी. मी नाक मुरडत सुरुवात केली आणि द्रोण चाटून संपवला. उन्हात चढायचं तर पोटात याच्याइतकी गार गोष्ट दुसरी नाही. पुण्यात आम्ही याच कामासाठी महागड्या पुड्या पाण्यात विरघळवून पितो आणि वर त्यांची जाहिरातही करतो.

त्या दिवशी दादाने चोच गाठली. मी खालून दोर धरून होते. चोचीच्या खाली दोन बोटांची एक खाच आहे, तिच्यावर लटकून वरच्या कडेकडे हात फेकायचा. दादाचा हात वर गेला, बोटं कडेला लागली, आणि सुटली. तो खाली येऊन दोरावर झुलत राहिला आणि हसत सुटला.

"लागलं होतं, पाहिलं काय? शुभे, बोट लागलं होतं! नऊ वर्षांत पहिल्यांदा!"

पाहिलं होतं मी. साठीला टेकलेला माणूस असा हसताना मी फार वर्षांनी पाहिला, आणि मला त्याचा हेवा वाटला. खांद्याला एक दिवस आराम आणि परवा परत, असं ठरलं. त्या दिवशी आम्ही वस्तीतल्या शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केला.

शेपटीवरून धूर

दुसऱ्या दिवशी दादाच्या खांद्याला सुट्टी, म्हणून मी चढत होते. शेपटीवर. शेपूट सोपी आहे, पोरंसोरंही चढतात, पण माझ्या गुडघ्यांना ते कोणी सांगितलेलं नाही. साधारण पंचवीस फुटांवर मी एका खोबणीत हात घालून दम खात होते. तिथून सगळं जंगल दिसतं. सालाला कोवळी पानं आलेली, मधूनमधून उघडे लाल दगड, आणि नाल्याच्या पलीकडे एक करडी रेघ.

"दादा, धूर," मी म्हटलं.

"चढ वर."

"अरे, खरंच धूर आहे. नाल्याच्या पलीकडे."

"गुडघा दुखून राहिला तं गुडघा म्हन. जंगलाले काहून बदनाम करते?"

मग त्या रेघेखाली लाल रंग दिसला आणि आवाजही आला, कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतड. वाऱ्याची झुळूक आली, नाल्याच्या या काठावर दुसरी रेघ उठली. खालून सुकवारोबाईंचा आवाज आला, "आगी! आगी आवत हे! उतरव!" त्या वेळी मात्र दादाने माझ्या गुडघ्याचं नाव काढलं नाही. त्याने मला इतक्या भरभर खाली सोडलं की कोपराची साल शेपटीलाच राहिली.

ती आग कोणी लावली ते अजून कोणाला कळलेलं नाही. सुकवारोबाईंचा गोल कधीच विझून गार झाला होता. ही नाल्यापलीकडून आली, वाळलेल्या गवतातून, माणूस झपाझप चालतो तेवढ्या वेगाने. आणि सरळ आमच्या वाटेकडे आली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो, आता बघा माझा पट्टा कसा काम करतो ते.

पट्ट्याने काम केलं. उघड्या मातीशी आग थांबली, मोहाच्या बाजूला आली नाही. पण मातीच्या आधी तिला दादाचा बांध लागला. मार्चच्या उन्हात कडकडीत वाळलेला, गुडघाभर उंच, एकसलग, थेट कातळाच्या पायथ्यापर्यंत नेणारा. आग बांधावर चढली आणि त्याच्यावरून धावत सुटली. पळणाऱ्या माणसापेक्षा जोरात.

"तुमन तो बाती बना दे हव!" सुकवारोबाई ओरडल्या. तुम्ही तर वात करून ठेवली आहे. त्यांनी सालाची डहाळी मोडून माझ्या हातात कोंबली आणि दादाच्या हातात खराटा दिला. "आघू ले काटव!" म्हणजे आगीच्या पुढे जाऊन बांध तोडा.

आम्ही पुढे पळालो. कातळाच्या थोडं अलीकडे दादाने आणि मी लाथांनी, खराट्यांनी, हातांनी पाला उधळून बांधात चार-पाच हातांची फट पाडली. धुराने डोळे उघडत नव्हते. मी एकीकडे खोकत होते आणि दुसरीकडे मोठमोठ्याने कोणाला तरी शिव्या देत होते. कोणाला, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

सुकवारोबाईंनी फटीकडे पाहिलं, मान हलवली. एवढी पुरणार नव्हती. त्यांचा बेत असा, की फटीच्या पलीकडचा बांध आधी आपणच पेटवायचा, येणाऱ्या आगीच्या दिशेने, म्हणजे दोन्ही आगी मध्ये भेटून विझतात. "माचिस?" त्यांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. दोन पदवीधर, चार खराटे, दोन कांदे, आणि काडी एकही नाही.

सुकवारोबाईंनी खोचा सोडून त्यातून काडेपेटी काढली. वाऱ्यात दोन काड्या विझल्या. तिसऱ्या काडीला दादाने आपल्या दोन्ही हातांची ओंजळ धरली. ज्या माणसाने नऊ वर्षं वस्तीत कागद चिकटवून 'आग लगाना मना है' सांगितलं, त्याच्याच ओंजळीत आग पेटली आणि त्याने ती पाल्याला लावली. ती उलट्या दिशेने चढत गेली, येणाऱ्या आगीशी भिडली, मोठा भडका झाला आणि मग दोन्हीकडून खायला काही उरलं नाही.

पण त्याआधीच काही निखारे उडून गेले होते. ते पायथ्याच्या मोठ्या ढिगावर पडले, चारोळीच्या झाडांमध्ये. तो ढीग असा पेटला की जवळ जाता येईना. झाडांवर हिरवी फळं होती, महिन्या-दीड महिन्यात पिकली असती. वस्तीतून बायका-पुरुष डहाळ्या आणि हंडे घेऊन धावत आले. दुपारपर्यंत सगळं विझलं. कोंबडीचा पायथा तव्यासारखा काळा झाला होता, खाली ठेवलेल्या आमच्या दोराचा काळा डांबरी गोळा उरला होता आणि चारोळीची एकूण एक झाडं जळाली होती. चोच मात्र वर जशीच्या तशी होती.

समिती

संध्याकाळी समिती बसली, शाळेच्या अंगणात, चटयांवर. बारा-पंधरा माणसं, सगळ्यांच्या हातापायांना राख. सुकवारोबाई मधोमध. आम्हाला दोघांना चहा आधी मिळाला, मग प्रश्न. पुण्यात आमच्या सोसायटीत आधी प्रश्न असतात आणि चहा तर नसतोच.

सुकवारोबाई हळू बोलत होत्या, म्हणून मला जवळजवळ सगळं समजत होतं. आग आमची नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आग नाल्यापलीकडची. पण वाट उघडी होती, तिथे ती थांबली असती. कातळापर्यंत ती बांधावरून गेली. चारोळी सगळ्या वस्तीची होती. मग त्यांनी दादाकडे बघून विचारलं, "पत्ता ला अइसने जमाय के अक्कल काकर रिहिस?" पाला असा रचायची अक्कल कोणाची होती?

"मेरी," दादा म्हणाला. ताबडतोब. विचारही न करता.

मी चहाच्या कपात बघत राहिले. मला लाज वाटली, इतकी की कान तापले. मी स्वतःला समजावलं की हा यांचा आपसातला मामला आहे, मी पाहुणी आहे, मला भाषा नीट येत नाही. ही सगळी कारणं मी स्वतःला शुद्ध मराठीत सांगत होते.

सुकवारोबाईंनी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "एक साल बंद," त्या म्हणाल्या. "फागुन म आवव. मैं सिखाहूँ, पत्ता कइसे झाड़थें." एक वर्ष बंद. फाल्गुनात या, पाला कसा झाडतात ते मी शिकवते.

दादाने मान डोलावली. एक वर्ष. म्हणजे त्याच्या खांद्याकडे पुढचं एक उरत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मी तो हिशेब होताना बघितला, आणि त्यानंतरचा सुटकेचा श्वासही. बोट लागलं होतं ना. एका वर्षात होऊ शकतं. सगळे उठायला लागले होते.

आणि मला राहवेना. मी उभी राहिले आणि माझ्या त्या भयंकर हिंदीत म्हणाले, "दीदी, अक्कल मेरा था. मैंने पुणे से फोन पर बताया. ये भैया ने सिर्फ सुना."

सगळे परत बसले. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आगीत रॉकेल ओतलं होतं.

"काहून बोलली वं?" तो दातांमधून म्हणाला.

सुकवारोबाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या दादाकडे वळल्या, माझ्याकडे नाही.

"भैया, मैं रोज उहीं बइठथौं. पथरा ले बीस कदम. नौ साल ले तुमन मोला देखत हव." त्यांनी एका हाताने मोहाकडे खूण केली. "मोला नइ पूछेव. पूना ला फोन करेव."

मी रोज तिथेच बसते, वीस पावलांवर. मला विचारलं नाहीत. पुण्याला फोन केलात. दादाची मान खाली गेली आणि माझीही. मी तर त्यांनाच खत करायला शिकवून आले होते.

"एक साल आगी के," सुकवारोबाई म्हणाल्या. "अउ एक साल ये बात के. दू साल बंद."

चटयांवरून एका म्हाताऱ्याने "हव" म्हटलं आणि समिती उठली.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. दादा गाडी चालवत होता. महासमुंद येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. एका ढाब्यावर चहा घेतला. त्याने माझ्या कपात स्वतःहून साखर घातली, म्हणजे रागावला नव्हता, किंवा रागावला असला तरी मी पाहुणी म्हणून राग गिळून होता.

पुढे हमरस्ता लागला तेव्हा तो म्हणाला, "दोन वर्षं."

"हो."

"तू नसती बोलली तं एकच होतं."

"माहीत आहे."

दोन ट्रक समोरून गेले. त्याने डाव्या हाताने गिअर बदलला आणि खांद्यातून कळ गेली तसा क्षणभर डोळे मिटले.

"बरं केलं बोलली ते," तो म्हणाला. "खरंच. मले झोप नसती लागली."

रायपूरचे दिवे दिसायला लागले होते.

"पण एकच होतं, शुभे."